मशीनमधले पऱ्हे

आमच्या वॉशिंग मशीनमध्ये धान उगवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मुर्रीत ही गोष्ट आता इतक्या तोंडांतून फिरली आहे की कोणी म्हणतं मशीनमधून पोतंभर तांदूळ निघाला, आणि कोणी म्हणतं मी सासऱ्यांनाच मशीनमध्ये घालायला निघाले होते. पहिलं साफ खोटं आहे. दुसरं मनात आलं होतं, केलं नाही.

मुर्री म्हणजे गोंदिया संपता संपता लागणारं गाव. घरी आम्ही तिघं असतो. मी, माझा नवरा आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. लेक नागपूरला शिकते. मी शाळेत शिकवते, नवरा राईस मिलच्या ऑफिसात बसतो, आणि मामाजी कुठंच बसत नाहीत. त्यांची शेती नागरा गावाकडे आहे. वय झालं म्हणून ती ठेक्यानं दिली, पण दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे दोन तुकडे, त्यांनी स्वतःकडे ठेवले. "या दोन बांध्या कोणाले देत नाही मी. मरू द्या मले तेथंच," असं ते दर वर्षी म्हणतात आणि दर वर्षी ठणठणीत घरी येऊन वरण-भात मागतात.

आता मशीनचं. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या पायरीवरून मी घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण नीट नाही जुळलं. डॉक्टरांनी बजावलं, पिळायचं नाही. रुमाल चालेल, चादर अजिबात नाही. त्याआधी कितीतरी वर्षं मी मशीन मागत होते, आणि नवरा म्हणायचा, "दोन माणसाच्या कपड्याले मशीन कायले पाहिजे?" दोन माणसं म्हणजे तो आणि मामाजी. धुणारी मोजण्यात नव्हती. मनगट मोडल्यावर मात्र त्यानं एकदा, फक्त एकदा, स्वतःची पँट पिळली आणि त्याच आठवड्यात मशीन घरी आली.

मशीनबरोबर दुकानदारानं एक योजना गळ्यात मारली होती. फ्रीज, पाण्याचा फिल्टर आणि वॉशिंग मशीन, तिन्हींची मिळून वाढीव वॉरंटी. काहीही बिघडलं की फोन करायचा, माणूस येणार, दुरुस्त करून जाणार. या उन्हाळ्यात ती संपत आली आणि घरात महाभारत सुरू झालं.

मला ती पुढं वाढवायची होती. सरळ गोष्ट आहे. मशीन बंद पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतल्या दगडापाशी कोण बसणार, हे मला विचारायची गरज नव्हती. फ्रीज बंद पडला असता तर मी हसत हसत सगळ्यांना शिळं घातलं असतं. पण मशीन बंद पडायला नको होती. मला त्या दगडाची भीती वाटत होती, खरंच सांगते. रात्री मनगट ठणकायला लागलं की मला सगळ्यात आधी ओली चादर आठवायची.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. "वॉरंटी होती तवा काही बिघडलं का?"

"नाही बिघडलं."

"मग फुकट गेली ना!"

"अहो, संपल्यावर बिघडेल ना."

"म्हणजे वॉरंटी आहे म्हणून बिघडत नाही, असं म्हणणं आहे तुझं? मग तं ताईतच बांध ना मशीनले. तोच स्वस्त पडते."

अशा माणसाशी काय बोलायचं? ऑफिसात याचं ऐकतात तरी कसे, देव जाणे.

मामाजी या वादात कोणाच्याच बाजूनं नव्हते. ते खाटेवर बसून सुपारी कातरत ऐकायचे आणि मध्येच एखादा प्रश्न टाकायचे. "बैलाची भेटते का जी अशी वॉरंटी?" नाही म्हटलं की म्हणायचे, "मग बैलच बरा. दात पाहून घेता येते." एकदा त्यांनी मशीनचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं. दात पाहत असावेत असं मला वाटलं. तेव्हा मी हसले. हसायला नको होतं.

त्यातच जूनच्या सुरुवातीला माझ्या बहिणीच्या घरी लग्न निघालं, दरेकशाला. शाळेला सुट्ट्या होत्या. मी रेल्वेनं गेले, दोन-तीन दिवस राहिले, भरपूर नाचले, आणि इकडं नवरा ऑफिसात गेला की मामाजींच्या हाती पूर्ण घर लागलं.

आता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला सांगून ठेवते. आमच्याकडे पऱ्हे टाकायच्या आधी, म्हणजे रोपांसाठी धान पेरायच्या आधी, बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून फेकायचे. भरलेले दाणे खाली बसतात, ते साध्या पाण्यानं दोनदा धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. पाण्यात मीठ पुरेसं झालं की नाही ते कळायला त्यात एक बटाटा सोडतात. बटाटा तरंगला की पाणी तयार. मामाजी हे काम जन्मभर घमेल्यात करत आले. पण घमेलं लहान, पाणी वाहून आणायचं, धुवायचं, निथळायचं, पुन्हा आणायचं. आणि समोर मोरीत उभी एक मशीन, जी स्वतः पाणी भरते, स्वतः ढवळते, दोनदा धुते आणि वर पिळूनही देते! मामाजींनी तिला दोन वर्षं रोज पाहिलं होतं. त्यांच्या मनात काय चाललं असेल, ते आता मला चांगलं समजतं.

मी परत आले तर अंगणात साडीवर धान वाळत होतं. बरं. त्यात नवल काहीच नव्हतं. साडी माझी होती, नवऱ्यानं काढून दिलेली, तेवढं सोडून. प्रवासाचे कपडे टाकायला मशीन उघडली तर तळाशी एक बटाटा.

"अहो, मशीनमध्ये बटाटा आहे."

नवरा म्हणाला, "मी नाही ठेवला."

"मामाजी, मशीनमध्ये बटाटा कसा आला?"

मामाजी सुपारी कातरत राहिले. "आला असन."

आला असेल! बटाटा काय चालत येतो? पण लग्नाहून आले होते, पाय दुखत होते, मी तो बटाटा संध्याकाळच्या भाजीत घातला. भाजी खारट झाली. त्या दिवशीचे कपडे वाळल्यावर माझ्या निळ्या साडीवर पांढरे पट्टे उमटले, आणि मशीन फिरताना एक नवीनच आवाज करायला लागली. करर्र, करर्र. कोणी चणे खातंय असा.

आणि त्याच रात्री जेवताना मामाजी अचानक म्हणाले, "ते वॉरंटी का फॉरंटी, करून टाका बा. लवकर करा."

नवऱ्यानं घास तोंडातच ठेवला. "आता काऊन?"

"यंत्राचं काही सांगता येत नाही," मामाजी म्हणाले. बैलाचा कैवारी माणूस यंत्राची काळजी करायला लागला! मला वाटलं, सुनेचा हात दिसला असेल म्हाताऱ्याला. माझे डोळे भरून आले. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली. ती पोळी मी आजही परत मागू शकते.

तर दोघं एका बाजूला झालो. नवरा एकटा पडला आणि मान्य झाला. मी फोन केला. तिकडून कळलं की वाढवायच्या आधी त्यांचा माणूस येऊन तिन्ही वस्तू पाहणार. सगळं ठीकठाक चालत असलं आणि वापर फक्त घरगुती असला, तरच योजना पुढं चालू. मी म्हटलं, या खुशाल, आमचा वापर अगदी घरगुतीच आहे. करर्र आवाजाचं मी मुद्दाम बोलले नाही. फक्त देवाला म्हटलं, तो येईल तेव्हा दहा मिनिटं गप्प राहू दे तिला.

चार-सहा दिवस कोणी आलंच नाही. ऊन असं तापलं होतं की मोरीतसुद्धा भट्टी. मशीनमध्ये ओल, बाहेर ऊन. धानाला आणखी काय पाहिजे?

मेकॅनिक आला. तरुण पोरगा, पाठीवर पिशवी, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. फ्रीज उघडून बंद केला, "ओके." फिल्टरचं पाणी ग्लासात घेऊन प्यायला, "ओके." मग मशीनपाशी आला, चालू केली. मशीननं देवाचं काही ऐकलं नाही. करर्र, करर्र, आणि मग पाणी बाहेर जाईना.

"पंप में कुछ अटका है मॅडम," तो म्हणाला, आणि खाली बसून पंपाचं झाकण खोललं. पाण्याबरोबर ओंजळभर धान बाहेर आलं. त्यानं आतलं ताटही खोललं, ते फिरतं चाक असतं ना तळाशी, ते. त्याखाली, काळ्या कचऱ्यात, पिवळट पांढरे कोंब. बोटाएवढे. दाट.

तो खर्रा चघळायचा थांबला. "मॅडम, इसमें तो पऱ्हे आए हैं."

मला काहीच सुचेना. नवरा मात्र सुचण्यात पटाईत. तो म्हणाला, "चिमण्या, भाऊ. आमच्याकडे चिमण्या फार. अंगणातलं धान उचलून आणतात. खिडकी उघडी राहिली असेल." मी पण लगेच, "हो ना, भारी त्रास चिमण्यांचा." माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. पण मेकॅनिक मान हलवायला लागला होता. चिमण्यांचं काय, त्या घरगुतीच असतात. अजून दोन मिनिटं गेली असती तर त्यानं लिहूनही दिलं असतं.

पण मामाजी दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही अपमान होता की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं एक शोध लावला होता, आणि त्याचं श्रेय आम्ही चिमण्यांना देत होतो.

"चिमण्याच्यानं होते का असं?" ते गरजले. "आँ? एकसारखं बियाणं पाह्य ते! मी धुतलो. मी! मिठाच्या पाण्यात टाकलो, बटाटा सोडला, मशीन फिरवली. पोचट सारं वर. घमेल्यात दिवसभर लागते, याच्यात चहा पेईपर्यंत होऊन जाते!"

"बाबा!" नवरा किंचाळला.

"कायले चूप राहू? चोरी केलो का मी?"

मेकॅनिक हळूच उभा राहिला. मला वाटलं आता ओरडेल. पण त्याच्या घरीही धान होतं हो! गोंदिया जिल्ह्यात मेकॅनिक आणावा तरी कुठून ज्याच्या घरी धान नाही? त्यानं विचारलं, "काकाजी, कौनसे मोड पे चलाया?"

"ते लहान बाळाचे कपडे धुवाचं हाये ना, त्याच्यावर," मामाजी म्हणाले. "बियाणं म्हणजे लेकरूच होय."

"दाना टूटा नहीं?"

"एक नाई तुटला."

"और सुखाया? स्पिन में?"

"स्पिन कराचं नाई. दाण्याचा डोळा मोडते," मामाजींनी बोट वर केलं. "मी केलो एक बार. गेले ते दाणे."

पोरगा खाली बसला, मामाजी त्याच्या शेजारी बसले, आणि दोघांनी माझ्या उघड्या मशीनसमोर मिठाचं प्रमाण, दाण्याची जात, या वर्षी पऱ्हे कधी टाकायचे याची अशी चर्चा मांडली की मला त्यांच्यासाठी चहा करावा लागला. मी चहा केला, हे लक्षात घ्या. माझ्या मशीनचं पोट फाडून ठेवलंय आणि मी आलं किसतेय!

चहा पिऊन मेकॅनिक तोंड पुसत म्हणाला, "काकाजी, आयडिया एक नंबर है. लेकिन मॅडम, वॉरंटी नहीं होगी. ये घरगुती नहीं, खेती का काम हो गया. पंप भी नया लगेगा, नागपूर से मंगाना पड़ेगा. टाइम लगेगा."

"किती?"

"अभी सबके पऱ्हे का टाइम है, मॅडम. मैं भी छुट्टी पे जा रहा हूँ." आणि गेला. जाताना त्यानं मूठभर बियाणं मागून खिशात घातलं.

तो गेल्यावर मी ओरडले. सगळं साठलेलं निघालं. "तुम्हाला शोध लागतात, तुमची चिमण्यांशी भांडणं होतात, आणि उद्या सकाळी दगडापाशी बसणार कोण? मी! हा हात कोणाचा आहे? माझा! रात्री ठणकतो तेव्हा कोणाला कळतं का या घरात? मला मशीनचं कौतुक नाहीये. मला पिळणं जमत नाही हो, दुखतं मला, इतकंच आहे!" आवाज फाटला, आणि मी आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर फक्त पंपातलं पाणी टपटप पडत होतं.

सकाळी मला जाग आली ती धपधप आवाजानं. मोरीत नाही, अंगणात, नळापाशी, रस्त्यावरून सगळ्या जगाला दिसेल अशा जागी. मामाजी दगडावर कपडे आपटत होते. आमच्याकडे सासरा सुनेच्या लुगड्याला हात लावत नाही. मामाजी तर मी समोरून आले तरी अजून बाजूला सरकतात. ते माझी साडी काठीनं बादलीतून उचलत होते, दगडावर ठेवत होते, आणि तोंड निंबाच्या झाडाकडे फिरवून मोगरीनं बडवत होते. बघायचं नाही, हात लावायचा नाही, पण धुवायचं. दहातला एक फटका साडीवर पडायचा, बाकीचे दगडावर.

"मामाजी! हे काय करून राहिले? ठेवा ते. लोक पाहतात."

"पाहू दे," ते झाडाकडे बघतच म्हणाले. "माह्यानं बिघडलं. तू जा, बाई. चहा पी."

तेवढ्यात रस्त्यानं सायकलवरून त्यांचे एक जुने दोस्त चालले होते. थांबले, एक पाय टेकला. "काऊन बुवा, सुनेचं लुगडं धुऊन राह्यले?"

"हाव," मामाजी म्हणाले. "तुहं आणून दे, तेही धुतो."

दोस्त निघून गेले ते मागं न बघता. मी दारात उभी राहून रडले. चांगलं हमसून रडले. माझे वडील असते तर त्यांनीही केलं नसतं हे.

बापानं सुरू केल्यावर लेकाला लपायला जागा राहिली नाही. नवरा लुंगी खोचून आला. जे काठीनंही उचलायची मामाजींना लाज वाटे, ते सगळे कपडे त्याच्या वाट्याला. मग चादर पिळायची वेळ आली. एक टोक बापाकडे, एक लेकाकडे. दोघं पूर्ण ताकदीनं पिळत होते, आणि दोघंही एकाच बाजूला. चादर नुसती गरगर फिरत होती, पाण्याचा थेंब निघेना.

"तू उलटा फिरव ना बे!"

"मीच काऊन? तुमी फिरवा!"

"लहानपणापासून असाच हाये तू!"

शेवटी दोघांनीही एकाच वेळी दिशा बदलली आणि चादर पुन्हा गरगर फिरली. मी चहा घेऊन ओट्यावर बसले होते. हसून हसून कप कलंडला.

पंप यायला बराच वेळ लागला. तोवर रोज हेच. सांगते ते ऐका, मशीन चालू होती तेव्हा कपडे टाकायचे मी, साबण घालायची मी, काढायचे मी, वाळत घालायचे मी, घडी मीच घालायची. कारण काय, तर "मशीनच तर धुते, तुले काय काम?" मशीन बंद पडली तर माझ्याकडं काहीच नाही. कपडे धुतलेले, वाळलेले, आणि घड्याही घातलेल्या. साड्यांच्या घड्या बटाटेवड्यासारख्या गोल, पण घातलेल्या. मनगटाचं दुखणं विसरले मी. रात्री गाढ झोपायला लागले.

मग पंप आला, मशीन सुरू झाली. दोघा पुरुषांनी तिच्यावर अशी नजर टाकली जशी परदेशातून आलेल्या भावावर टाकावी. मामाजींनी तर तिला कुंकू लावलं.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं चहा पीत होतो आणि फोन वाजला. वॉरंटीवाली बाई. तिच्या कंपनीचा माणूस नाही म्हणून गेल्याचं तिला काही माहीत नव्हतं. गोड, स्वच्छ पुण्याकडचं मराठी. "मॅडम, तुमच्यासाठी खास योजना आहे. तपासणीची आवश्यकता नाही. फक्त हो म्हणा, लगेच सुरू."

फोन स्पीकरवर होता. नवरा खुर्चीतून अर्धा उठला. हाच तो, ताईत बांध म्हणणारा. दोन्ही हातांनी खुणा करत होता, हो म्हण, हो म्हण! मामाजींनी बशी खाली ठेवली आणि हात जोडले. "करून टाक, बाई. आता बिघडली तं आमी काय करावं?"

मी दोघांकडे नीट पाहिलं. दोघांचे तळवे सोड्यानं सोललेले, नखं पांढरी पडलेली.

"नको," मी फोनवर म्हणाले.

"मॅडम, विचार करा. मशीन मध्येच बंद पडली तर तुम्हाला खूप त्रास होईल."

"मला नाही होणार, ताई," मी म्हणाले, आणि फोन ठेवून चहा संपवला.